फौजीच्या मुलाला मिलिटरी शाळेत पाठवावे का? अनुभवी लोकांनी कृपया लिहावे

सातारची_सून

नमस्कार. गेली तीन वर्षे मी येथे फक्त वाचत आले आहे, लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

माझे यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार असून सध्या सीमेवर आहेत. घरी मी, सासूबाई, साडेदहा वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी असे चौघे राहतो. मुलाने राष्ट्रीय मिलिटरी स्कूल या निवासी शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा दिली होती. लेखी परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी हे सगळे पार पडून बेळगावच्या शाळेत त्याचे नाव लागले आहे. होकार कळवायला आता आठवडाच उरला आहे.

यजमानांनी फोनवर एका शब्दात सांगितले, "पाठव." सासूबाईंचे वडील आणि दोन्ही भाऊ फौजेत होते, त्यामुळे त्यांनाही यात वावगे काही वाटत नाही. माझाच पाय निघत नाही. आमच्या मांडणीवर एक ताट वर्षातले दहा महिने पालथे असते, आता दुसरेही मी माझ्या हाताने पालथे घालायचे का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. मुलगा हुशार आहे, धीटही आहे, पण रात्री झोपेत त्याचा पाय माझ्या पायाला लागलेला असतो आणि बुटाच्या नाड्या त्याला अजून धड बांधता येत नाहीत.

या शाळा फौजीच्या मुलांसाठी ज्या कारणाने निघाल्या, ते कारण आजच्या आमच्यासारख्या घराला लागू पडते का? जे स्वतः अशा शाळेत राहिले आहेत किंवा ज्यांनी मूल पाठवले आहे, त्यांनी खरे ते लिहावे.

जुनी_ट्रंक

ताई, मी अशा शाळेत सात वर्षे काढली, ऐंशीच्या दशकात. माझे वडील नाईक होते, पुढे नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पाचवी संपेपर्यंत माझ्या चार शाळा झाल्या होत्या. पहिलीत मराठी, दुसरीत पंजाबकडे हिंदी, तिसरीत वडील फील्डला (जिथे कुटुंब नेता येत नाही अशा नेमणुकीवर) गेले म्हणून पुन्हा गावची शाळा आणि चौथीत सिकंदराबाद. प्रत्येक ठिकाणी पुस्तके निराळी आणि मित्र निराळे. भागाकार मला दोन वेळा शिकवला गेला आणि अपूर्णांक एकदाही नाही. सहावीपासून बारावीपर्यंत एकाच फळ्यासमोर, त्याच तीस मुलांबरोबर बसायला मिळणे म्हणजे काय, हे ज्याची शाळा कधी बदलली नाही त्याला कळणार नाही.

पहिल्या रात्रीबद्दल सांगतो, कारण तुमचा प्रश्न तिथेच अडला आहे. वडील मला सोडून निघाले तेव्हा मी रडलो नाही. रडू आले ते रात्री लाइट्स आउटचा बिगुल झाल्यावर. चाळीस खाटांच्या त्या लांब खोलीत अंधार झाला आणि दोन मिनिटांतच इकडून तिकडून नाके ओढल्याचे आवाज येऊ लागले. प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच रडतो आहोत आणि कुणाला ते ऐकू जात नाही. आठवड्याभरात ते आवाज थांबले. आज त्या खोलीतल्या कुणाकडेही मी मध्यरात्री जाऊन दार वाजवू शकतो, इतके ते नाते पक्के आहे.

रविवारी सकाळी नाश्त्यानंतर घरी पत्र लिहिणे सक्तीचे असे. आईचे पत्र गावच्या पत्त्यावर जाई, वडिलांच्या पत्रावर मात्र नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली "मार्फत ५६ एपीओ" (म्हणजे फौजी टपाल कार्यालय) एवढेच लिहायचे. वडील नेमके कुठे आहेत हे त्या पत्त्यावरून कधीच कळत नसे. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या पत्रांवर तोच पत्ता असायचा आणि त्यामुळे वडील कुठे आहेत हे माहीत नसणे ही आमच्यात वेगळी गोष्ट नव्हतीच. गावच्या शाळेत मात्र मी त्याच गोष्टीमुळे एकटा पडलो होतो.

दप्तरदार

ताईंनी या शाळा का निघाल्या असे विचारले आहे, म्हणून थोडा इतिहास लिहितो.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी शिपाई लाखोंच्या संख्येने परदेशी लढले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावातले ४६ जवान त्या युद्धात कामी आले. त्यांच्या स्मरणाचा शिलालेख गावात आहे आणि गावाचे नावच अपशिंगे मिलिटरी झाले. बाप पलटणीत आणि मुलाच्या शिक्षणाकडे पाहायला कुणी नाही, अशी अवस्था देशभरच्या फौजी गावांत होती. १९२२ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी अशा मुलांसाठी शाळा काढण्याचे काम सुरू झाले. जालंधर आणि झेलम येथील शाळा १९२५ मध्ये उघडल्या, अजमेरची १९३० मध्ये, बेळगावची १९४५ मध्ये आणि बंगळूरची १९४६ मध्ये. या शाळांना राजा पंचम जॉर्ज याचे नाव होते, म्हणून त्यांचे माजी विद्यार्थी आजही स्वतःला जॉर्जियन म्हणवतात. फाळणीत झेलमची शाळा पाकिस्तानात गेली. जालंधरची शाळा पुढे मध्य प्रदेशातल्या नौगाँगला आणि १९६० मध्ये हिमाचलातल्या चैलला हलली, तर राजस्थानातल्या धोलपूरची १९६२ मध्ये निघाली. १९५२ पासून अधिकाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या मुलांनाही प्रवेश खुला झाला. १९६६ मध्ये 'मिलिटरी स्कूल' आणि २००७ मध्ये 'राष्ट्रीय मिलिटरी स्कूल' असे नाव आले. बहुसंख्य जागा मात्र आजही जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी) यांच्या मुलांसाठीच असतात, आणि माझ्या मते या शाळांचा खरा अर्थ त्यातच आहे.

परमवीर चक्राचे मानकरी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया याच शाळांतले. त्यांचे वडील हॉडसन्स हॉर्स या रिसाल्यात होते. बंगळूरच्या शाळेची लेखी परीक्षा ते उत्तीर्ण झाले, पण छाती एक इंच कमी भरल्यामुळे वैद्यकीय तपासणीत नापास झाले. काही आठवडे व्यायाम करून ते पुन्हा गेले आणि ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. पुढच्या वर्षी त्यांना जालंधरला हलवण्यात आले. ५ डिसेंबर १९६१ रोजी कांगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत लढताना ते धारातीर्थी पडले.

कोयनाकाठ

माझ्या माहितीप्रमाणे साताऱ्याची सैनिक शाळा याहून जुनी आणि देशातली पहिली आहे. घराजवळची ती सोडून बेळगाव कशाला?

दप्तरदार

कोयनाकाठ, या दोन व्यवस्था निराळ्या आहेत. साताऱ्याची शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली आणि ती देशातली पहिली 'सैनिक स्कूल' हे अगदी खरे. त्या वेळी कृष्ण मेनन संरक्षणमंत्री आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. परंतु सर्व प्रांतांतून आणि सर्व थरांतून अधिकारी तयार व्हावेत हा तिचा हेतू होता. तिथे शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, दुकानदाराचा मुलगाही जातो आणि सेवेतल्यांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. जवानाचा मुलगा मध्यभागी ठेवून निघालेल्या शाळा त्या राष्ट्रीय मिलिटरी शाळा.

कोयनाकाठ

समजले, आभारी आहे. हा फरक मला आजवर माहीत नव्हता.

रेवा_तीर

मला येथे वेगळा सूर लावावा लागणार आहे आणि तो मी विचारपूर्वक लावतो आहे. मीही फौजीचा मुलगा आणि निवासी शाळेत वाढलेला. शाळा कोणती ते लिहिणार नाही, कारण आता तिथे सगळी माणसे बदलली आहेत.

सातवीत असताना दोन वर्षांनी मोठी असलेली तीन मुले रोज रात्री मला आणि आणखी दोघांना उठवीत. त्यांचे बूट पॉलिश करायचे, बेल्टच्या बकलांना ब्रासो लावून चकाकी आणायची आणि काम पसंत पडले नाही तर त्याच बेल्टचा मार खायचा. घरून आलेला खाऊ ट्रंकेचे कुलूप आमच्याच हातांनी उघडायला लावून नेत. हे दीड वर्ष चालले. त्या दीड वर्षात मी घरी पन्नासहून अधिक पत्रे लिहिली आणि प्रत्येक पत्राची सुरुवात "मी येथे मजेत आहे" अशीच होती. पत्रे पाकिटात जाण्यापूर्वी वाचली जात असत हे एक कारण होते, पण खरे कारण दुसरेच होते. वडील फील्डला होते, आई एकटी होती. तिच्या डोक्यावर आणखी ओझे नको, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कुणी शिकवावे लागत नाही. फौजीच्या घरातल्या मुलांना ते आपोआप येते, आणि म्हणूनच ही मुले छळाला इतर मुलांपेक्षा सहज बळी पडतात असे माझे ठाम मत आहे. "बाबांना सांगेन" ही धमकी त्यांच्यापाशी नसते.

जुनी_ट्रंक यांनी लिहिलेले सारे मला मान्य आहे, तसे मित्र मलाही मिळाले. पण मित्र मिळाले म्हणून बेल्टचा हिशेब फिटत नाही. ताई, पाठवणार असाल तर जाण्याआधी मुलाला एवढे स्पष्ट सांगा की वाईट बातमी कळवल्याने आई मोडून पडत नाही. हे वाक्य मला त्या वयात कुणी सांगितले नाही.

निवृत्त_हाउसमास्तर

रेवा_तीर, तुम्ही हे लिहिले ते फार बरे केले. मी एका निवासी शाळेत बावीस वर्षे शिकवले आणि त्यांतली अकरा वर्षे हाउसमास्तर, म्हणजे मुलांच्या एका वसतिगृहाचा प्रमुख शिक्षक, होतो. तुम्ही वर्णन केलेला प्रकार माझ्या हाउसमध्येही घडला आणि तो मला चार महिने कळला नाही, याची खंत मला अजून आहे. ज्या मुलामुळे तो उघड झाला त्याने तोंडाने काहीच सांगितले नव्हते. रात्रीच्या फेरीत मी टॉर्च खाली धरून खाटांमधून जात असे, तेव्हा एका मुलाच्या पांघरुणातून मोज्यासकट पाय बाहेर आलेला दिसला. पांघरूण बाजूला केले तर तो पूर्ण गणवेश घालून झोपला होता. सकाळच्या फॉल-इनला (रांगेतल्या हजेरीला) उशीर होऊ नये म्हणून, असे तो म्हणाला. चौकशी केल्यावर कळले की पहाटे मोठ्या मुलांचे पलंग आवरण्यात त्याचा वेळ जाई, म्हणून स्वतःची तयारी तो रात्रीच करून ठेवीत असे.

तेव्हापासून मी काही खुणा लक्षात ठेवल्या. जो मुलगा आठवड्यात दोनदा-तीनदा पोट दुखते म्हणून सिक रिपोर्टला जातो, ज्याचे मेसमधले जेवण एकाएकी कमी होते, ज्याच्या वस्तू वारंवार 'हरवतात' किंवा जो सुट्टीत घरी जाण्याविषयी काहीच बोलत नाही, त्याच्याजवळ बसायचे. आईवडिलांनीही याच गोष्टी विचाराव्यात. "कसा आहेस?" याचे उत्तर नेहमी "बरा आहे" असेच येते. त्याऐवजी "तुझ्या उजव्या बाजूच्या खाटेवर कोण झोपतो?", "तुझा मोजा हरवला तर कुणाकडे मागतोस?" असे विचारले की खरी हकिकत हळूहळू बाहेर येते.

आणि एक सांगतो. बहुतेक मुलांना पहिले सहा ते आठ आठवडे जड जातात. त्या काळात आईला पाहून मूल अधिक हलते म्हणून भेटीला लगेच धाव घेऊ नये, पण ठरलेला फोन एकदाही चुकवू नये.

पीस_स्टेशन

मी स्वतः सेवेत आहे आणि माझा मुलगा अशाच शाळेत नववीत आहे. आता छावण्यांतल्या आर्मी पब्लिक स्कूल जागोजागी झाल्यामुळे या शाळांची गरज संपली असे मी युनिटमध्येही ऐकतो. ज्याला पीस स्टेशन (सीमेपासून दूरच्या छावणीतली नेमणूक) मिळते आणि तिथे फॅमिली क्वार्टरही मिळते, त्याच्यापुरते ते खरे आहे. परंतु क्वार्टरची यादी लांब असते, नंबर लागेपर्यंत बदलीचा हुकूम येतो आणि फील्डमध्ये तर कुटुंब नेताच येत नाही. शुल्कही वडिलांच्या हुद्द्यानुसार असते आणि जवानाच्या मुलाला ते सर्वांत कमी पडते. तेव्हा गरज बदलली आहे, संपलेली नाही.

वहिनी, मला एका व्यवहाराच्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे, जिचा विचार मी वेळेवर केला नाही. जवानाला वर्षाला साठ दिवसांची रजा मिळते. मुलगा घरी असतो तोपर्यंत ती रजा केव्हाही मिळाली तरी बाप-लेकाची भेट होते. मुलगा निवासी शाळेत गेला की दोन सुट्ट्या जुळाव्या लागतात, त्याची शाळेची आणि वडिलांची पलटणीची. पहिल्या वर्षी माझी रजा मे महिन्यात मंजूर झाली नाही, मी घरी पोहोचलो तेव्हा मुलगा चार दिवसांपूर्वीच शाळेत परतला होता, आणि हिवाळी सुट्टीत मी चौक्यांवर होतो. अशा रीतीने मी त्याला सतरा महिने पाहिले नाही. समोर आला तेव्हा त्याचा आवाज फुटलेला होता. शाळेचे वर्षाचे वेळापत्रक हाती येताच भाऊसाहेबांना पाठवा आणि त्यांना कंपनीत रजेचा अर्ज त्याच आठवड्यात लावायला सांगा.

ओवी_लिहिते

मी सुभेदाराची मुलगी. माझा भाऊ अकराव्या वर्षी मिलिटरी शाळेत गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. भावाची काळजी सगळ्यांनी केली, पण घरी राहिलेल्या बहिणीचे काय होते याबद्दल येथे कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

तो गेल्यावर आमच्या घरात बोलणेच कमी झाले. आई त्याचा आवडता पदार्थ करीत नसे. दोन वर्षे घरात शंकरपाळे झाले ते फक्त त्याच्या डब्यासाठी. तो सुट्टीत आला की घर भरून जाई, पण तो हिंदीत विचार करून मराठीत बोलू लागला होता, आजीला त्याचे पत्र वाचून दाखवताना मला भाषांतर करावे लागे. मला त्याचा राग येई आणि त्याच्यासारखा ब्लेझर मलाही हवा असे. मुलींना तेव्हा तिथे जागाच नव्हती. सगळ्या सैनिक शाळांत २०२१-२२ पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि आता राष्ट्रीय मिलिटरी शाळांतही मिळतो, याचा मला मनापासून आनंद आहे. ताई, तुमच्या पाच वर्षांच्या लेकीलाही या निर्णयात बसवून घ्या. दादा कुठे चालला आहे, किती दिवसांनी येणार, हे तिला कॅलेंडरवर दाखवा.

टिळकवाडी_बेळगाव

भाषेचा विषय निघाला म्हणून आमच्या गावाबद्दल दोन शब्द. शाळेत हिंदी-इंग्रजीचाच वावर असतो हे खरे, पण बेळगाव मराठी मुलाला परके वाटणार नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर येथेच आहे; म्हणजे ज्या गावात वडिलांनी रंगरूट म्हणून कसम परेड केली, त्याच गावात मुलगा शिकेल. कॅम्पातल्या मिलिटरी महादेवाला जाताना केस बारीक कापलेली मुले रांगेने चाललेली दिसली की आमच्याकडची वयस्क माणसे थांबून बघतात. पाऊस मात्र जूनपासून धरून बसतो, कपडे वाळत नाहीत. मोज्यांचे दोन-तीन जोड जास्त द्या. आणि भेटायला याल तेव्हा कुंदा घेतल्याशिवाय परत जाऊ नका.

जुनी_ट्रंक

रेवा_तीर यांना उत्तर देणे मला गरजेचे वाटते. तुमचे लिखाण मी तीन वेळा वाचले. मी आठवीत गेल्यावर धाकट्या मुलांकडून बूट पॉलिश करून घेतले होते. मारले नाही, पण करून घेतले, आणि आमच्यावेळीही असेच होते असे स्वतःला सांगितले. त्या मुलांनीही घरी "मजेत आहे" असेच लिहिले असणार. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी ही बाजू लिहिली नव्हती, ती आता लिहितो.

रेवा_तीर

आपण लिहिलेत, त्याबद्दल आभार. एवढे कुणी मला पहिल्यांदाच म्हटले आहे.

सातारची_सून

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस मी हा धागा पुन्हापुन्हा वाचला आणि काही भाग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. रेवा_तीर यांचे वाचताना त्या मध्येच उठून गेल्या. त्यांचा धाकटा भाऊ अशाच कुठल्याशा शाळेतून पळून आला होता आणि त्याला वडिलांनी मारून परत पाठवले होते, हे त्यांनी रात्री मला पहिल्यांदा सांगितले.

काल यजमानांचा फोन लागला. पीस_स्टेशन भाऊंनी लिहिलेले सतरा महिने मी त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, वेळापत्रक हाती आले की लगेच पाठव, मी सुभेदार साहेबांशी बोलतो. मुलाला मी जवळ बसवून सांगितले की तिथे काही वाईट घडले आणि तू ते मला सांगितलेस तर मी रडेन, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बेळगावला येईन. त्याने विचारले, "आणि नुसतीच आठवण आली तर?" मी म्हटले, तेही सांग, पण तेवढ्यासाठी गाडीत बसणार नाही. यावर तो हसला.

आम्ही होकार कळवला आहे. पहिल्या वर्षाअखेर पुन्हा सगळे मिळून विचार करू असे ठरले आहे, आणि त्याला परत यावेसे वाटले तर त्याला कुणी नावे ठेवणार नाही, हे सासूबाईंनी स्वतः त्याला सांगितले. बुटाच्या नाड्या सध्या रोज दहा वेळा बांधून घेते आहे. धाकटी त्याच्यासमोर बसून तिच्या फ्रॉकचा बंद घेऊन तीच गाठ शिकते.

आता एक साधे विचारायचे आहे. यजमानांची जुनी काळी ट्रंक आहे, पत्रा चांगला आहे. तीच द्यायची आहे. त्यावरचे त्यांचे नाव आणि नंबर खरवडून मुलाचे नाव रंगवून घ्यायचे, तर ते झाकणावर घालावे की पुढे?

जुनी_ट्रंक

ताई, दोन्हीकडे घाला, पण मोठे अक्षर आखूड बाजूला असू द्या. जागा वाचावी म्हणून ट्रंका खाटेखाली लांबीने आत सरकवतात, त्यामुळे बाहेरून फक्त कडीची ती आखूड बाजू दिसते. माझे नाव झाकणावरच होते आणि पहिले दोन आठवडे मी रोज वाकून चार ट्रंका ओढून माझी शोधत असे. पांढरा ऑइलपेंट वापरा, पावसात टिकतो. कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक जाडसर दोऱ्यात त्याच्या गळ्यात, दुसरी पाकिटात घालून नाव लिहून हाउसमास्तरांकडे.

आणि वडिलांचा नंबर खरवडू नका. तो झाकणाच्या आतल्या बाजूला पुन्हा लिहून घ्या, ट्रंक उघडली की त्याला दिसेल अशा बेताने.